टनामागे

वॉलसॉलच्या कालव्याकाठी, टायरांच्या गोदामामागे
माझी काचेची खोली. बाहेर जमिनीत पुरलेला काटा.
लॉरी भरून येते, रिकामी होऊन जाते,
मधला फरक तेवढा माझा.
सहा वर्षं नुसती वजाबाकी करते आहे,
त्यावर घरभाडं निघतं.

पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, कचऱ्याला कसला भाव?
ऑड्री हसली. भाव असतो गं,
कधी शून्याच्या वर, कधी खाली.
ॲल्युमिनियमचे डबे म्हणजे जहागीरदार.
दुधाच्या पांढऱ्या बाटल्या घरंदाज, पण झाकण निळं नको.
पुठ्ठा नाताळच्या आधी वधारतो,
जानेवारीत सगळ्यांच्याच दारात असतो, तेव्हा तोंडावर आपटतो.
आणि काच?
काच आम्ही हुंडा देऊन पाठवतो.

पट्टा ताशी नऊ टन सरकतो.
तेओदोरा डाव्या हातानं डबे उचलते, उजव्यानं नको ते :
डायपर, वायरी, एकदा जिवंत कासव.
चहाच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी येऊन हिशेब मांडते :
डब्याला पेनी धर. मिनिटाला पन्नास उचलते.
तासाचे तीस पौंड झाले ना?
मला बारा मिळतात.
अठरा कुठे गेले?

काचेच्या हुंड्यात, मी म्हणते.
ती रुमानियनमध्ये काहीतरी पुटपुटते.
त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

ऑक्टोबरात केंटच्या गिरणीनं बावीस टन कागद परत धाडला.
ओलावा जास्त. शिवाय गठ्ठ्यात तळलेल्या माशांचा वास.
जाण्याचं भाडं आमचं, येण्याचं आमचं,
पुरण्याचा कर आमचा.
त्या रात्री घरी मी दह्याचा डबा
गरम पाण्यानं तीनदा विसळला.
त्या पाण्याचा गॅस
कुठल्याच रकान्यात येत नाही.

मार्चमध्ये यंत्र आलं.
दिवे टाकून बघतं, फुंकर मारून निवडतं.
खोकत नाही, सुट्टी मागत नाही,
चौदा महिन्यांत आपली किंमत वसूल करतं,
असं माहितीपत्रकात होतं.
पट्ट्यावरची आठ माणसं दोनावर आली.

त्याला एकच गोष्ट दिसत नाही : काळं प्लास्टिक.
प्रकाश गिळून टाकतं ते, परत काही पाठवत नाही.
तयार जेवणाचे काळे ट्रे
त्याच्या डोळ्यांखालून निवांत वाहत जातात,
शेवटच्या घमेल्यात पडतात, तिथून भट्टीत.
टेस्फालेम टोकाला उभा असतो, त्यानं साहेबांना विचारलं,
मी वेचू का हे? मला दिसतंय की.
साहेबांनी फोनवर आकडेमोड केली.
तू बघण्यापेक्षा
जाळणं टनामागे अकरा पौंडांनी स्वस्त पडतं.
टेस्फालेम मला म्हणाला, बरं झालं,
मी स्वतः टनाहून बराच हलका आहे.
मी हसले. मग हसू नको होतं असं वाटलं.

तेओदोराचा शेवटचा दिवस शुक्रवार.
सोमवारपासून कॅनकला पार्सलांच्या गोदामात.
जाताना ती मुद्दाम काट्यावर जाऊन उभी राहिली,
कंबरेवर हात ठेवून, लॉरीसारखी.
माझा काटा वीस-वीस किलोंच्या पायऱ्यांनी चालतो,
अधलंमधलं त्याला कळत नाही.
साठ.
खांद्यावरची पिशवी खाली उतरवून बाजूला ठेवली.
साठ.
पुन्हा उचलली. पिशवीत सहा वर्षांचे हातमोजे, डबा, छत्री.
साठच.

पावती दे, ती ओरडली.
पहिलं वजन साठ. दुसरं, ती उतरल्यावर, शून्य.
फरक साठ.
मालाचा प्रकार हा रकाना
मशीन रिकामा सोडू देत नाही.
यादीत नऊ पर्याय होते. मी वरून खाली दोनदा वाचले.
मागे एक लॉरी हॉर्न वाजवत होती.

मिश्र, असं निवडलं.